चाचणीचा तुकडा

लूपरचं बटण थोरल्याने रोजच्यासारखं अंगठ्याने हलकेच दाबलं आणि हिरवा दिवा लागायच्या जागी लाल लागला. एवढंच झालं. घर जागच्या जागी होतं, पंखा फिरत होता, स्वयंपाकघरात बायको भांडी लावत होती. पण थोरल्याचा अंगठा बटणावर तसाच अधांतरी राहिला. लाल म्हणजे काय हे त्याला कुणी समजावून द्यायला नको होतं. गिटारवाल्यांच्या पायाखालच्या डब्या करण्यात त्याचे केस पांढरे झाले होते. गिटारमधून येणारी तार एका बाजूने आत घ्यायची, आवाज जरा खरवडायचा, फुगवायचा, थरथरवायचा आणि दुसऱ्या बाजूने स्पीकरकडे सोडून द्यायचा, हे त्या डब्यांचं काम. लूपर ही त्यातलीच एक. तिच्यापुढे काही वाजवलं की ती ते पोटात साठवते, आणि पुन्हा दाबलं की तेच ते गोल गोल ऐकवत बसते, कंटाळत नाही. पोट भरलेलं असेल तर हिरवा दिवा. रिकामं असेल तर लाल, म्हणजे बोल बाबा, मी ऐकतेय. त्याने सवयीने पुन्हा दाबलं. आता हिरवा लागला, आणि स्पीकरमधून नुसती घरघर आली, कोऱ्या तारेची, मग एक बारीक टक्, मग पुन्हा घरघर, पुन्हा टक्. काही नसण्यालासुद्धा सांधा होता. तो ते ऐकत कितीतरी वेळ उभा राहिला. कुठल्या तरी फेरीला त्या घरघरीतून धाकटा बाहेर येईल असं त्याला वाटत होतं, आणि हे वाटणं शुद्ध वेडेपणाचं आहे हेही कळत होतं.

धाकटा म्हणजे त्याचा भाऊ. साध्या तापाने गेला, तेही बरीच वर्षं झाली. डॉक्टरसुद्धा आधी हसूनच बोलत होते. तेव्हा दोघांचं काम रस्त्याच्या टोकाच्या भाड्याच्या गाळ्यात चालायचं. थोरला डब्या बांधायचा, धाकटा वाजवून बघायचा. धाकटा वाजवणारा होता, थोरल्याला साधा सूर धरता यायचा नाही. पण कान होता, कुठला आवाज कुठे फाटतो ते डोळे मिटून सांगायचा. एक दिवस चाचणीची फळी तयार झाली: दोन चिमटे, एक स्पीकर, एका टोकाला लूपर. नवी डबी चिमट्यात अडकवायची आणि लूपरमधलं एकच वाजवणं प्रत्येक डबीतून सोडायचं, म्हणजे डबीडबीतला फरक कळतो. कारण माणूस रोज वेगळं वाजवतो. कधी झोप नीट झालेली नसते, कधी कुणाशी भांडून आलेला असतो. धाकट्याने गिटार मांडीवर घेतली आणि जाड तारेपासून खाली उतरत येणारा एक तुकडा वाजवला. मध्ये त्याच्या तुटक्या नखामुळे एक तार चरचरली. आणि शेवटचा सूर पुरता व्हायच्या आत त्याचा पाय बटणावर पडला. "पाय आधीच पडला रे दादा. पुन्हा घेऊ," तो म्हणाला. "राहू दे," थोरला म्हणाला, "चाचणीला शेवट काय करायचाय?" म्हणून तो तुकडा तसाच राहिला, शेवट नसलेला, आणि धाकट्याच्या हातचं जगात तेवढंच एक राहिलं. दुसरं कशावर काही कधी साठवलंच नव्हतं. जिवंत माणसाचं कोण साठवून ठेवतं?

आणि पुसलं कुणी, तर जाड्याने. हेही हसण्यासारखंच होतं. जाड्या म्हणजे त्यांचा पहिला साचा. ॲल्युमिनियमच्या डबीला भोकं पाडायची तर ती प्रत्येक डबीवर तंतोतंत त्याच जागी पडली पाहिजेत, इकडे तारेचं तोंड, मध्ये नॉब, खाली पायाचा स्विच. म्हणून धाकट्याने मोडक्या लोखंडी दाराची बिजागरी कापून, कानशीने घासून घासून तो साचा केला होता. हातात घेतला की मनगट खाली जायचं. त्यावरून पातळ पत्र्याचे रोजच्या वापरातले साचे काढायचे. ते झिजले, भोकं खाल्ली गेली, की टाकून द्यायचे आणि पुन्हा जाड्यावरूनच नवे काढायचे. काल थोरला तेच करत होता. तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून आईने हाक मारली, "खिडकी लाव रे, वारा येतोय," आणि हातातला जाड्या त्याने जवळ दिसेल त्यावर ठेवला. जवळ लूपर होती. लूपरचं बटण एकदा दाबलं तर वाजतं, पुन्हा दाबलं तर थांबतं, आणि दाबूनच धरलं तर सगळं पुसून टाकतं. म्हणून तर त्याने त्या बटणावर बरणीचं झाकण बसवलं होतं, कापडाच्या पट्टीची बिजागरी करून. वाजवायच्या वेळी तेवढं उचलायचं. ती पट्टी परवा सुटली होती. चिकटवू म्हणता म्हणता राहिली होती. खिडकी लावून तो आईपाशी जरा टेकला, तिचं पांघरूण सारखं केलं, आणि तेवढा वेळ जाड्या आपल्या सगळ्या वजनानिशी भिंतीपलीकडे बसून होता.

थोरला खुर्चीत बसला. समोरच्या भिंतीवर खिळ्यांना त्याची सगळी पिलावळ टांगलेली. रेझिस्टरचे पाय एका मापाने वाकवायला कंगव्याचे दात काढून केलेला वाकवणा. तारा धरायला कपड्यांचे चिमटे ठोकलेली पट्टी. रंग खरवडू नये म्हणून चिंध्या गुंडाळलेला पाना. डबी उलटी निजवायचा लाकडी पाळणा, आत सायकलच्या ट्यूबचं रबर. बाहेरचे लोक यायचे आणि म्हणायचे, काय डोकं आहे तुमचं, आणि थोरला वरवर नको नको म्हणत मनातून फुगायचा. त्याची एकच श्रद्धा होती, तिला देव म्हणा की खूळ म्हणा: साचा नीट असला की हात कुणाचाही चालतो. कंप सुटलेला चालतो, झोपेतला चालतो, धाकटा गेल्यावर दुसऱ्या दिवशी कामाला बसलेल्या माणसाचासुद्धा चालला होता. त्याने एकदा, अगदी सुरुवातीला, घाईत जाड्या सापडेना म्हणून भोकं पाडलेल्या डबीवरूनच नवा साचा काढला होता, आणि त्या साच्यावरून केलेल्या डबीवरून पुढचा. प्रत्येक वेळी केसाएवढा फरक. शेवटी नॉब तारेच्या तोंडावर जाऊन आदळला. धाकटा पोट धरून हसला होता. "नकलेची नक्कल म्हणजे गावभर फिरून आलेली बातमी, दादा. घरातून मांजर निघालं, परत आला तो वाघ." तेव्हापासून थोरल्याने कानाला खडा लावला होता. सगळ्या खोलीत एका वस्तूसारखी दुसरी करायची अवजारं होती, आणि जी एकच वस्तू दुसरीकडे उतरवून ठेवायला हवी होती तिला त्याने हात लावला नव्हता. एक तार जोडायची, एवढंच काम. पण तार जोडताना भलतंच बटण दाबलं गेलं तर, या भीतीने त्याने वर्षानुवर्षं ते टाळलं होतं.

बायको हात पुसत दारात आली. "आज वाजलं नाही ते? आई दोनदा विचारून झाल्या."

"पुसलं गेलं," तो आवाज खाली घेऊन म्हणाला.

"काय पुसलं गेलं?"

"धाकट्याचं."

ती आत आली, लूपरकडे बघितलं, सकाळी वरून उचलून शेजारी ठेवलेल्या जाड्याकडे बघितलं. तिला समजायला वेळ लागला नाही. "दुसरीकडे कुठे उतरवलेलं नाही?" तिने विचारलं, आणि त्याचं तोंड बघून तिचं तिलाच उत्तर मिळालं. ती स्टुलावर बसली. भांडली असती तर बरं झालं असतं. "मी आल्यावर भावजी वर्षभरच होते," ती म्हणाली, "मला तर त्यांचा आवाजही धड आठवत नाही. पण ते वाजवणं ऐकतऐकत मी रोज कणीक मळते." मग भिंतीकडे बघून म्हणाली, "आईंना काय सांगणार?"

तोच प्रश्न होता. बाकी सगळं त्याने एकट्याने गिळलं असतं. आईच्या डोळ्यांना आता उजेड आणि अंधार एवढंच कळायचं, पण कान शाबूत होते. धाकटा गेल्यावर गाळा सोडला आणि सगळं सामान या खोलीत आणलं, आईच्या खोलीला लागून, मध्ये नुसती प्लायवूडची भिंत. पहिल्या दिवशी चाचणी लावली तेव्हा थोरल्याला धडकी भरली होती, आई काय करेल. आईने काहीच केलं नाही. खुर्ची भिंतीशी ओढून घेतली, आणि हाताच्या एका बोटाने खुर्चीच्या दांड्यावर ठेका धरला. धाकट्याचं नाव तिने कधी घेतलं नाही, थोरल्यानेही घेतलं नाही; पण रोज सकाळी तो तुकडा वाजायचा आणि रोज भिंतीपलीकडून ते बोट ऐकू यायचं, आणि थोरल्याला वाटायचं, आम्ही तिघं अजून एका घरात आहोत. तपासायला डबी नसली तरी तो तपासलेलीच पुन्हा चिमट्यात लावायचा. आई जेवते, आंघोळ करते, सकाळी उठते ती त्या तुकड्याच्या जोरावर, असं त्याने मनाशी धरलं होतं. आता तिला जाऊन सांगायचं की तुझा मुलगा काल पुन्हा गेला, आणि या वेळी तापाने नाही, माझ्या हाताने. जीभ रेटणार नव्हती. "सांगू नकोस काही," तो बायकोला म्हणाला. "दार लावून घे. मी बघतो."

धाकट्याची गिटार कोपऱ्यात खोळीत होती. तारा गंजल्या होत्या. त्या त्याने फडक्याने पुसल्या, सूर लावला. सूर कानाने लागला, तिथवर ठीक. पण बोटं दांड्यावर ठेवली आणि ती लाकडाची झाली. त्या तुकड्याचा कण न् कण त्याला पाठ होता, जाड तार कुठे सुटते, नख कुठे चरचरतं, पाय पडायच्या आधी धाकटा किती घाई करतो. आणि त्यातलं काही बोटांपर्यंत पोचत नव्हतं. कान सावकाराचे आणि हात भिकाऱ्याचे, असली त्याची गत झाली होती. दोनदा, तीनदा, कितीदा तरी. मग त्याने गिटार बाजूला ठेवली आणि आयुष्यभर जे करत आला तेच केलं. साचा करायला घेतला. प्लायवूडची पट्टी दांड्याच्या मापाने कापली. कपड्यांचे चिमटे मोडून त्यांच्या स्प्रिंगा काढल्या, टोकांना ट्यूबचं रबर चिकटवलं, आणि तुकड्यात जे जे सूर येतात ते कानाने एकेक शोधून त्या त्या जागी एकेक चिमटा बसवला. वरून पट्टी दाबली की रबर तारेवर बरोबर बसायचं. बोट कुठे जातंय याची फिकीर नको. चरचरणाऱ्या तारेसाठी त्याने एका रबराचा कोपरा पात्याने कुरतडला. काम करताना त्याला बरं वाटलं, आणि बरं वाटतंय हे ध्यानात आल्यावर स्वतःची किळस आली. भाऊ पुसला गेला त्या दिवशी हा माणूस स्प्रिंगचा ताण जमला म्हणून खूश होतो. पण हात थांबले नाहीत. हातांना कुठे काय कळतं.

उन्हं कलली तेव्हा साचा झाला. गिटार मांडीवर, पट्टी डाव्या हातात, उजव्या हातात पातळ प्लास्टिकचा तुकडा, पायाशी लूपर. त्याने बटण दाबून धरून सकाळची घरघर पुसली आणि लाल दिवा लावला. जाड तार सुटली, आवाज खाली उतरत आला, मध्ये तार चरचरली, आणि शेवटचा सूर पुरता व्हायच्या आत त्याने पाय ठेवला. हिरवा. तुकडा गोल फिरू लागला. सगळे सूर बरोबर होते. एकही इकडचा तिकडे नव्हता. चरचर होती, घाई होती, तुटलेला शेवटसुद्धा होता, आणि त्यात धाकटा नव्हता. मोजून मापून जागच्या जागी पडलेली भोकं होती नुसती. थोरल्याने आवाज थोडा वाढवला आणि भिंतीला कान लावला. पलीकडे काही नाही. बोट नाही. मग बऱ्याच फेऱ्यांनंतर आईची हाक आली, "थोरल्या, जरा ये बघू इकडे."

तो गेला. आई भिंतीशी खुर्चीत बसली होती, मान तिरकी करून. तिने हवेत हात केला, त्याने आपला हात दिला, आणि तिने त्याची बोटं एकेक करून चाचपली, लहानपणी चाचपायची तशी. रबराचा गोंद लागला होता बोटांना.

"आज हात अवघडलाय का रे तुझा?" तिने विचारलं.

"माझा?"

"मग कुणाचा? रोज किती सैल वाजवून त्या डबीत भरतोस. आज कुणी काठी धरून बसवल्यासारखं वाजवलंस."

थोरल्याला आधी काही कळलंच नाही. पलीकडे तुकडा फिरत होता. "आई, ते रोजचं," तो म्हणाला आणि थांबला.

"मी कधी बोलले नाही," आई म्हणाली. "म्हटलं, बोलले तर लाजून बंद करशील. लहानपणापासून तसाच तू. कुणी बघतंय म्हटलं की पाढेसुद्धा विसरायचास. धाकटा गेला, घर मुकं झालं, मला जगू नये असं वाटत होतं रे तेव्हा. आणि एक दिवस भिंतीपलीकडून तू वाजवायला लागलास. ज्याला एक सूर धड धरता येत नव्हता तो. म्हटलं, एक तरी राहिला मला. त्याच्यावर काढले मी हे दिवस."

"तुला कधी," तो म्हणाला, "कधी धाकट्यासारखं वाटलं नाही ते?"

आईने खरंच विचार केला. तिकडे तुकडा संपला, टक् झालं, पुन्हा सुरू झाला. "छे," ती म्हणाली. "तो घरी वाजवायचा ते आठवतंय ना मला. तो शेवट असा टाकून उठला नसता. हे तुझंच. तुझं सगळंच असं, अर्धवट." आणि ती हसली, मायेनेच हसली, आणि त्याच्या हातावर थोपटलं. "असू दे. बंद नको करूस. चालू दे. हात सुटेल हळूहळू."

सांगायचं होतं. जिभेच्या टोकावर होतं, की आई, इतकी वर्षं तू ऐकत होतीस तो धाकटाच होता, तुझा धाकटा, आणि शेवट त्याने नाही टाकला, मी म्हटलं राहू दे. पण सांगितलं असतं तर तिच्या हाती काय उरलं असतं? धाकटा तर मिळाला नसताच. हातचा थोरलाही गेला असता. तो "बरं" म्हणाला. दारात बायको उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती बाजूला झाली, आणि तो जाताना तिने त्याच्या पाठीला हात लावला, पण त्याला तो हात नको होता. तिघं एका घरात आहोत असं समजून तो इतकी वर्षं एकटाच बसला होता. धाकट्याला ऐकणारा या जगात तो एकटाच होता, आणि आता ऐकायलाही काही नव्हतं.

खोलीत येऊन त्याने दार लोटलं. डोळे मिटले आणि खरा तुकडा आठवायचा प्रयत्न केला. काल सकाळी तो इतका पाठ होता की झोपेत म्हटला असता. जाड तार सुटली. ती कशी सुटायची? आता सुटली तशी की त्याहून ढिली? चरचर मधल्या उतरणीच्या आधी होती की नंतर? त्याने रबर कुरतडलं होतं ते आठवणीवरून, आणि आता आठवण त्या कुरतडलेल्या रबरासारखी वाजत होती. पुन्हा आठवलं, तर आणखी केसभर सरकलं. मूळ साचा नाहीसा झाला होता आणि तो नकलेवरून नक्कल काढत बसला होता. उद्या परवा धाकट्याचा चेहरासुद्धा असाच सरकेल, आणि मांजराचा वाघ झालेला त्याला समजणारही नाही, कारण सांगायला कुणी उरलेलं नाही. स्पीकरमधून टक् आलं. हे बंद केलं, पुसून टाकलं, खोली शांत झाली, तर कदाचित ते परत येईल. अजून एवढ्यात गेलं नसेल. त्याने बटणावर अंगठा ठेवला. दाबून धरायचं, एवढंच.

भिंतीपलीकडून बोटाचा आवाज आला. खुर्चीच्या दांड्यावर, आधी अडखळत, तुकड्याचा नवा ठेका शोधत, मग सापडल्यावर एकसारखा.

थोरल्याने अंगठा उचलला. जाड्याला खिळ्यावर टांगलं. खणातून गोंदाची नळी काढली, सुटलेली कापडाची पट्टी पुसली, तिला नीट, कडेपर्यंत गोंद लावला आणि बरणीचं झाकण बटणावर जागच्या जागी बसवलं. बैल गेला नि झोपा केला, असं आई नेहमी म्हणायची. झोपा मात्र मजबूत झाला होता. गोंद वाळेपर्यंत दाबून धरायला हवं होतं, म्हणून तो दोन बोटांनी ती पट्टी दाबून बसून राहिला, आणि त्याच्या बोटांखाली ते सगळं बरोबर असलेलं वाजवणं गोल गोल फिरत राहिलं.